ब्राझीलचा पाऊस आणि काकांची बारा पोती

आलमबाग, लखनऊ

तीर्थरूप पंढरीनाथकाकांस गजेंद्रचा साष्टांग नमस्कार.

आम्ही इकडे खुशाल. चिखलदऱ्याची थंडी, तुमचा खोकला आणि विभाकाकूंचे गुडघे कसे आहेत ते कळवावे. (गुडघ्यांचं आधी कळवा. त्यांचं ऑपरेशन माझ्यामुळेच अडलंय. फोनवर तोंड उघडेना, म्हणून हे पत्र.)

काका, कॉफी पिकते तुमच्या उतारावर, पण तिचा भाव ठरतो न्यूयॉर्कात, आणि तोही ब्राझीलच्या आभाळाकडे बघून, हे ज्ञान मला मोबाइलवर झालं आणि माझं डोकंच फिरलं. महिन्यापूर्वी ब्राझीलमध्ये पाऊस नव्हता, भाव रोज चढत होता. व्यापारी तुमच्या दारात उभा असताना मीच फोनवर ओरडलो, की थांबा, अजून चढणार! तुम्ही त्याला चहा पाजून परत पाठवलंत. (कॉफीवाल्याने चहा पाजावा, हेही थोरच.) तेव्हापासून रेल्वेच्या ऑफिसात मी पुलांचे नकाशे कमी आणि ब्राझीलचे ढग जास्त बघतो. आमचे तिवारीजी फाइल पुढे करण्याआधी अदबीने विचारतात, "सर, आज ब्राझील का मिजाज कैसा है?" इथे कॉफी मिळते ती लग्नात, वर चॉकलेटची पूड भुरभुरवून, पण आमचा अख्खा सेक्शन तिचा भाव तोंडपाठ सांगतो!

शेवटी तिकडे पाऊस फिरकू नये म्हणून मी देव पाण्यात ठेवले. गणपती, अन्नपूर्णा, बाळकृष्ण, सगळे गळ्यापर्यंत. प्रतिमा म्हणाली, "देवांना पाण्यात बसवून कोरडं आभाळ कसलं मागता? आणि तिकडेही कुणाचे तरी पंढरीनाथकाका असतीलच की!" बाजारातलं तुला काय कळतं, असं मी तिला सुनावलं. चौथ्या दिवशी आमचा निनाद नाचतच आला, "पापा, ब्राझील में तो झमाझम हो रही है!" भाव जो घसरला तो घसरलाच. देव पुसून देव्हाऱ्यात बसवले. त्यांच्याकडे बघायची मला लाज वाटते, आणि काकूंची आठवण झाली की त्याहून जास्त.

काकूंना नमस्कार. (जरा लांबूनच.)

तुमचा,
गजेंद्र

ता. क. : खरं म्हणजे पत्र एवढ्यासाठीच. मिळेल त्या भावात बाराही पोती विकून टाका आणि ऑपरेशनची तारीख घ्या. "थांबा" मी म्हणालो होतो, हे तेवढं काकूंना सांगू नका.

आणखी ता. क. (प्रतिमाकडून. पाकीट मी चिकटवतेय.) : काका, कोठीतली पोती उघडून बघा, आत भुसा आहे. तुम्ही चहा पाजलेल्या व्यापाऱ्याला काकूंनी त्याच दुपारी, तुम्ही झोपल्यावर, मागच्या दाराने बोलावून सगळी कॉफी विकली. पाच तारखेला अमरावतीला ऑपरेशन आहे, तुम्ही बरोबर जायचंय. ह्यांना मात्र काही कळवू नका. भाव बघत बसले, की माझ्या स्वयंपाकघरात येत नाहीत.