दोन्ही हौद सुनेच्या नावे

मी, खाली अंगठा उठवणारी, वय अंदाजे एकोणऐंशी, धंदा चुन्याचे गिलावे करणे, हे मृत्युपत्र कुणाच्या दडपणाखाली न येता, निव्वळ स्वतःच्या हट्टाने सांगत आहे. लिहून घेणाऱ्या वकीलबाईंनी मघाशी मला तारीख, वार आणि नातवंडांची संख्या विचारली. तिन्ही बरोबर आली. म्हणजे डोके ठिकाणावर आहे. गुडघ्यांचे कुणी विचारले नाही, ते बरे झाले.

कलम पहिले. जुन्या टपालकचेरीच्या मागचे चुन्याचे आवार, त्यातली चुना मळायची घाणी आणि चुना मुरवायचे दोन्ही हौद मी माझ्या मजुरीतून घेतले आहेत. ते सर्व मी सुनेला देते. मुलाला नाही. वकीलबाई, "नाही"खाली रेघ मारा.

कारण सांगते. टपालकचेरीत आता कॉम्प्युटरवाल्यांची ऑफिसे होत आहेत. नकाशे काढणाऱ्या बाईंनी ठरवले की जुन्या भिंती पाडायच्या नाहीत, दारे तासून तीच पुन्हा बसवायची आणि गिलावा चुन्याचाच करायचा, म्हणजे खोल्या गार राहतील आणि वीज वाचेल. बांधकामाचे काम माझ्या मुलाने घेतले. तो म्हणाला, "आई, चुना वाळायला महिना खातो. सिमेंट चार दिवसांत मोकळं करतं."

मी म्हटले, "तू नऊ महिने घेतलेस, तेव्हा मी घाई केली होती का रे?"

हसला, आणि उत्तरेच्या खोलीला गुपचूप सिमेंट थापून आला. पावसाळ्यात ओल आतच कोंडली, भिंतीला लोणा लागला, पोपडे सुटले. सुनेने ते सिमेंट छिन्नीने उतरवले आणि माझ्या नऊ वर्षे मुरलेल्या चुन्याने खोली पुन्हा केली. मी खुर्ची टाकून चूक शोधत बसले होते. सापडली नाही. फार राग आला.

आता मुलाला आवार विकायचे आहे, ऑफिसवाल्यांच्या गाड्या लावायला. हौद बुजवले की उरलेल्या भिंतींना चुना कुठला, आणि सुनेच्या हातांना काम कुठले?

कलम दुसरे. माझी थापी आणि गिलावा घोटायचा रंधा सुनेला. घमेले जुन्या मुकादमाला. बाईने घमेले वाहावे, थापी धरू नये, असे तो म्हणत असे. हयात असेल तर आता त्याने वाहून बघावे.

कलम तिसरे. राहत्या दोन खोल्या मुलाला. त्याच्यावर माझा राग नाही, हे जरा ठळक लिहा. तो चार वर्षांचा असताना मी याच टपालकचेरीच्या जिन्याची डागडुजी करत होते. त्याला हौदापाशी बसवले होते. दुपारी चुन्याचा शिंतोडा त्याच्या डोळ्यात गेला. डोळा धुतला, त्याला डॉक्टरकडे शेजारणीबरोबर पाठवले आणि मी परत परांचीवर चढले, कारण ओला गिलावा थांबत नाही. त्या डोळ्याने त्याला अजून धूसर दिसते. तो सिमेंटच्या प्रेमात नाही. त्याला चुन्याची धास्ती आहे, आणि ती माझ्यामुळे. मी जायला हवे होते.

कलम शेवटचे. जन्मभर चुना कालवून माझ्या बोटांच्या रेषा गेल्या. ऑफिसच्या दाराला लावलेले अंगठ्याचे यंत्र मला आत घेत नाही. उद्या मुलगा म्हणेल, हा अंगठा आईचा कशावरून? त्याने कोर्टात जाण्याआधी टपालकचेरीच्या जिन्याच्या पहिल्या वळणावर जावे. तिथे ओल्या गिलाव्यात उठवलेला माझा अंगठा आहे, रेषांसकट. खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर, दुसरा चिमुकला अंगठा आहे. डोळ्यात चुना गेला त्या दिवशी सकाळी "मला पण, मला पण" म्हणून पायात घोटाळत होतास, म्हणून मीच तुझा अंगठा धरून दाबला. नकाशावाल्या बाईंनी तेवढा तुकडा न रंगवता ठेवायचे कबूल केले आहे. बाळा, आधी तो बघ. मग काय दावा लावायचा तो लाव.

साक्षीदार: १. निवृत्त पोस्टमास्तर (सही)
२. समोरची शिंपीणबाई (सही)

ठिकाण: चुन्याचे आवार, हौदाच्या कठड्यावर.
तारीख: सतरा, थोरल्या हौदातल्या चुन्याला दहावे वर्ष लागले तो महिना.

डाव्या हाताचा अंगठा: तिसऱ्यांदा उठवला. पुसट आहे.