टाकीच्या वहीतले अकरा दिवस

१४ जून, रविवार

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे आम्ही दोघं बरी आहोत, बाबांचा गुडघा सोडून. तुझ्याकडेही सगळे मजेत असतील. पत्र बघून दचकू नकोस, कोणाला काही झालेलं नाही. फोनवर तू "बरं, ठेवतो" कधी म्हणशील याचा नेम नसतो. पत्राला तसं म्हणता येत नाही, म्हणून लिहितेय.

ग्रंथालय बंद झालं आणि माझी तिथली कारकुनी संपली, हे तुला माहीत आहे. तेव्हापासून आठ महिने मी डेटा अ‍ॅनालिस्ट व्हायच्या मागे लागलेय. म्हणजे ढीगभर आकडे घ्यायचे, निवडायचे, त्यांचे आलेख काढायचे आणि ते काय म्हणतात ते साहेबलोकांना समजावून सांगायचं. सदतिसाव्या वर्षी अभ्यासाला बसले, तर शेजारच्या शिक्षिकाबाई म्हणाल्या, "हौस दांडगी आहे हो तुमची!"

इंटरव्ह्यूची तयारी बाबांनी करून घेतली. खरंच. मी प्रश्नांची यादी छापून दिली, तर इस्त्रीचा शर्ट घालून टेबलापाशी माझ्यासमोर बसायला लागले. "तुमच्यातला एक दोष सांगा." मी विचार करतेय तोवर स्वतःच म्हणाले, "शिडीला घाबरते." मग पुढचा प्रश्न, "काही आकडे गहाळ असतील तर काय कराल?" मी सरासरीबद्दल घोकलेलं सगळं धडाधड म्हणून दाखवलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "टाकीवर जाऊन बघायचं. त्यात काय एवढं?"

मी हसले. मग उठून उगाच पाणी प्यायला गेले.

बाबांच्या नोकरीतली ती पाण्याची टाकी आठवते ना रे? पंपघरातला तेलाचा वास, ओली फरशी, भिंतीवरच्या खिळ्याला दोरीने बांधलेली पेन्सिल. दिवसातून तीनदा बाबा एकोणीस पायऱ्या चढायचे, झाकण उघडून आतल्या मोजपट्टीवर पाणी किती ते बघायचे आणि खाली येऊन वहीत लिहायचे. शाळा सुटली की तू मला सायकलच्या दांडीवर बसवून तिकडे न्यायचास. सरसर वर जाऊन झाकणाशी शीळ घालायचास आणि टाकीतून ती दुप्पट मोठी होऊन यायची. मी आपली पहिल्या पायरीवर. "भित्री भागूबाई!" तेव्हापासून मी भागूच झाले. त्या दुपारी इतक्या आठवतात, की हल्ली कुठे पंप सुरू झाला तरी मी थांबून ऐकते.

इंटरव्ह्यूला स्वतः केलेलं काहीतरी काम दाखवावं लागतं. माझ्याकडे काय असणार? ऑफिसने रद्दीत काढलेल्या वह्या बाबांनी निवृत्त होताना घरी आणल्या होत्या, बावीस वर्षांच्या. त्या सगळ्या मी संगणकावर उतरवल्या. चोवीस हजार नोंदी! बाबा वाचायचे, मी टाइप करायची. एका पानाशी आल्यावर म्हणाले, "हे सोड." मी सोडलं नाही. ते झोपले असताना उतरवून घेतलं.

कुठलं पान ते तुला सांगायला नको. तरी सांगते, कारण मी ते आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. आईचं ऑपरेशन होतं. बाबा तिच्याजवळ अकरा दिवस, दूरच्या दवाखान्यात. पातळी बघायचं काम तुझ्यावर सोपवलेलं. तुझी परीक्षा तोंडावर, म्हणून तू वही माझ्या हातात दिलीस, "भागू, तेवढं बघून लिही." दादा, मी एकदाही वर गेले नाही. पहिल्या पायरीवर बसून मनचे आकडे लिहिले. संशय येऊ नये म्हणून शेवटी तीन नाहीतर सात घालायची, शून्य आणि पाच मला खोटे वाटायचे. मोजपट्टीवर रेघा होत्या पाच-पाच सेंटिमीटरवर, हे वर गेलेल्या कोणालाही ठाऊक होतं. वहीची मागची पानं चाळून बघायची अक्कल अकराव्या वर्षी कुठली?

बाबांना आल्याआल्या कळलं. पानावर लाल रेघ मारून त्यांनी "नोंदी खोट्या" असं लिहिलं, खाली स्वतःची सही केली आणि ऑफिसचा मेमो उभ्याने वाचला. तुला म्हणाले, "तुझ्या आकड्यावर भरवसा नाही, तर शब्दावर काय ठेवू?" मी दाराआड होते. तू माझ्याकडे बघून मान हलवलीस, नको म्हणून. वर्षाच्या आत तू घर सोडलंस. आई गेली तेव्हा आलास, तेही बाबांशी मोजून चार वाक्यं बोललास. ती चारच होती ती माझ्यामुळे. सव्वीस वर्षं मी हे गिळून बसले.

गुरुवारी इंटरव्ह्यू झाला. समोर विभागप्रमुख बाई आणि एक लॅपटॉपवाला. ते अकरा दिवस काढून टाकलेली दुसरी फाइल मी करून ठेवली होती. पण उघडली ती पहिलीच. मुद्दाम की घाईत, ते मला विचारू नकोस. बाईंनी नेमकं तिथेच बोट ठेवलं.

"सगळीकडे शून्य आणि पाच, इथेच तीन आणि सात कसे?"

"नोंदी खोट्या आहेत."

"कशावरून?"

"मीच केल्यात."

लॅपटॉपवाल्याने मान वर केली. बाई म्हणाल्या, "मग काढून का नाही टाकल्या?" मी म्हटलं, "त्यांचा आळ दुसऱ्यावर आलाय. काढल्या तर तो तसाच राहील." कळवतो म्हणाले. कळवतील तेव्हा कळवतील.

घरी आले तर बाबा शर्ट घालून तयार, "काय काय विचारलं?" चपलासुद्धा न काढता मी सगळं सांगून टाकलं. ते गुडघा चोळत बसले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. मग म्हणाले, "ती वही आण." लाल रेघेखाली त्यांनी लिहिलं, "वरील नोंदी मुलीच्या. मुलाचा दोष नाही." तारीख घातली, सही केली. ती नीट आली नाही, म्हणून खाली पुन्हा केली.

"तो बोलला का नाही?" त्यांनी विचारलं. काल परत विचारलं, आज सकाळी परत. वही टेबलावर उघडीच आहे, मिटू देत नाहीत. त्यांना उत्तर तूच येऊन दे. मला माफ करायचं की नाही ते नंतर निवांत ठरव.

काल टाकीवर जाऊन आले. पंप बदललेत, शिडी तीच आहे. चढले. एकोणीसच पायऱ्या. झाकणाशी शीळ घालून बघितली, नुसती हवा गेली. ती तुझ्याशिवाय जमायची नाही.

वाट बघतोय, दोघंही.

तुझी,
भागू