एकाच हातची भाकरी

तात्या, दादाचं कुत्रं गेलं. तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी आणलेलं पिल्लू ते, त्यामुळे तुम्ही त्याला पाहिलेलं नाही. पण पाहिलं असतंत तर लगेच ओळखलं असतंत, कारण दादानं त्याला अगदी तुमच्या पद्धतीनं वाढवलं होतं. दिवसा साखळीला, रात्री मोकळं. नाव ठेवायचं नाही. "नाव ठिवलं की कुणीबी हाक मारतंय," असं तुम्ही म्हणायचात, म्हणून आपल्या शेळगावच्या वस्तीवर एकाही कुत्र्याला कधी नाव नव्हतं. आणि खाणं एकाच माणसाच्या हातून. हे सगळं आता तुम्हाला सांगून काय होणार, ते मलाही माहीत नाही. पण इथे बारामतीत कुणाला सांगायला गेलं तर लोक एकतर हसतात, नाहीतर प्राणीप्रेमावर मलाच चार गोष्टी ऐकवतात, आणि सध्या दोन्ही ऐकायची माझी तयारी नाही.

तुम्ही पिल्लू शिकवायला बसायचात ते माझ्या डोळ्यांपुढे अजून आहे. आई चुलीपुढे भाकरी थापतेय, तुम्ही उंबऱ्याच्या आत पाटावर, आणि पिल्लू उंबऱ्याबाहेर. उजव्या हातात दुधात भिजवलेला तुकडा. पिल्लू झेपावलं की मूठ बंद. ते थकून खाली बसलं की तुम्ही हळूच "घे" म्हणायचात आणि मूठ उघडायचात. इथपर्यंत सगळं गोड होतं. मग एके दिवशी तुम्ही मला बोलावलंत, माझ्या हातात गुळाचा खडा दिलात आणि म्हणालात, "दे त्याला." मी दिला. ते बिचारं शेपूट हलवत माझ्या तळहाताला चाटू लागलं आणि तुम्ही मागं लपवलेली काठी त्याच्या तोंडावर बसली. त्याच्या ओरडण्यानं मीच रडायला लागले. तुम्ही काठी खाली ठेवून मला म्हणालात, "रडू नगं. आज मार खाईल, पर उद्या कुणी इख घातलं तर मरायचं न्हाय." आधीचं कुत्रं चोरांनी टाकलेलं मटण खाऊन विहिरीजवळ आडवं पडलेलं आपण सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि त्याच रात्री विहिरीवरची पाण्याची मोटारही चोरीला गेली होती. तेव्हा तुमचंही खरंच होतं. तरी दर रविवारी विहारात पंचशील म्हणताना तुमचा आवाज सगळ्यात मोठा असायचा आणि जीवहिंसा न करण्याच्या पहिल्याच शीलाला मला ती काठी आठवायची. मी तुम्हाला विचारलं होतं, की मग माझ्याच हाताची सवय लावा ना. तुम्ही हसलात. "तू उद्या सासरी जाणार. मग ते कुणाच्या तोंडाकडं बघत बसंल?" आईसुद्धा हसली. मी नाही हसले.

तुमच्या शेवटच्या दुखण्यात मात्र तुम्ही काय केलंत, ते इकडे कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. रोज संध्याकाळी तुम्ही दादाला तेव्हाच्या कुत्र्यापुढे बसवायचात, त्याच्या हातात भाकरी द्यायचात आणि त्याच्या मनगटाखाली आपला हात धरायचात. "घे" तुम्ही दोघांनी मिळून म्हणायचं. मग हळूहळू तुम्ही आवाज बारीक केलात, मग हात काढून घेतलात, आणि एका संध्याकाळी कुत्र्यानं एकट्या दादाच्या हातची भाकरी उचलली. तुम्ही भिंतीला टेकून डोळे मिटलेत. आपल्या आळीत लोक याला हात सोपवणं म्हणतात. घरदार, जमीन यांचं कुणालाच काही सांगितलं नाहीत तुम्ही, पण हात तेवढा नीट सोपवून गेलात.

पुढे मी बारामतीत नोकरीला लागले, फ्लॅट झाला आणि हौसेनं एक लॅब्राडोर आणला. त्याला शिकवायला ट्रेनर येतो. मार नाही, ओरडणं नाही, बिस्किटाच्या तुकड्यावर सगळं शिक्षण. बस म्हटलं की बसतो, शेकहँड करतो. लसी वेळेवर, गळ्यात पट्टा, फिरायला नेताना खिशात पिशवी, त्याची घाण मी स्वतः उचलते. दादा पहिल्यांदा घरी आला तेव्हा आमचा हा त्याच्या पायावर लोळला. दादा म्हणाला, "हे कुत्रं हाय का पाव्हणा?" मग मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. दिवसभर साखळीला बांधून ठेवतोस, अंगावरून कधी हात फिरवत नाहीस, कुत्रं पाळलं म्हणजे जबाबदारी असते. दादानं चहा संपवला, कप खाली ठेवला. "जबाबदारी म्हंजी काय गं? म्या न्हाय तर ते जेवत न्हाय. ह्याच्यापरीस मोठी कसली आसती?" मी विषय बदलला.

गेल्या हंगामात, उसाच्या फडात तोड चालू असताना, दादा बांधावरच कोसळला. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. तात्या, तुमच्या लक्षात आलं असेल. उजवा हात आणि तो एक शब्द, दोन्ही एका झटक्यात. हात सोपवायला त्याला सवडच मिळाली नाही.

तो बारामतीत दवाखान्यात, आणि वस्तीवर कुत्रं साखळीला. वहिनी लांबून भाकरी टाकायची, ते वासही घ्यायचं नाही. पाणी तेवढं प्यायचं. मी माझ्या ट्रेनरला घेऊन गेले. चांगला मुलगा आहे, सकाळपासून उन्हात कुत्र्याकडे पाठ करून बसला, उकडलेल्या कोंबडीचे तुकडे जवळ जवळ सरकवत. कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटलेली, पण तुकड्याजवळ हात गेला की ते मान तिरकी करून डोळे मिटायचं, काठी येणार म्हणून. काठी तुमच्या हातून दादाकडे आलेली, तात्या. दुपारी ट्रेनर उठला आणि म्हणाला, "मॅडम, हे हट्टी नाही. हे फार चांगलं शिकलंय. म्हणूनच माझ्या हातात काही नाही." इंदापूरहून जनावरांचे डॉक्टर आले, तोंड बांधून सलाईन लावलं. रोज कोण लावणार? कुणी म्हणालं, मोकळं सोडा, उंदीर-घुशी खाऊन जगेल. सोडलं, तर गुरांसाठी उसाचं वाढं न्यायला आलेल्या शेजारच्या काकूंची पिंढरी फोडली. काकू देवमाणूस, बोलल्या काही नाहीत, पण त्यांच्या सुनेनं दारात येऊन विचारलं, "कुत्रं कुणाचं म्हणायचं आता?" पुन्हा साखळी.

शेवटी दादाला घरी आणलं तेव्हा मला आशा वाटली होती. खुर्ची कुत्र्यापुढे ठेवली. ते उठून उभं राहिलं, बरगड्या मोजाव्यात असं झालं होतं, आणि आख्खं अंग हलवायला लागलं. वहिनीनं दादाच्या डाव्या हातात भाकरी दिली. डावा हात त्यानं आजवर फक्त मारायलाच वापरलेला. कुत्रं दोन पावलं मागे सरलं. मग मी दादाच्या उजवीकडे बसले, त्याचा लुळा हात उचलला, बोटांत तुकडा धरवला आणि तुम्ही धरायचात तसा मनगटाखाली माझा हात धरला. कुत्रं जवळ आलं. नाक तुकड्यावर. आणि थांबलं, शब्दासाठी. दादाचा जबडा हलला, घशातून एक घोगरा आवाज निघाला, तो कशाचाच नव्हता. कुत्रं त्याच्या तोंडाकडे बघत बसलं. लाळ माझ्या हातावर पडत होती. तेव्हा मी म्हणाले, "घे." कुत्र्यानं माझ्याकडे पाहिलं. गुरगुरलं नाही, तात्या, शपथेवर सांगते. अजून एकदा म्हणाले असते तर कदाचित. पण दादानं डावा हात आणला आणि माझी बोटं एक एक करून आपल्या मनगटावरून सोडवली. तुकडा खाली पडला. मी त्याच्याकडे पाहिलं तर तो रडत होता आणि नाही नाही अशी मान हलवत होता. वहिनी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या वन्सं. त्यांचं हाय ते."

त्यानंतर मी पुन्हा हात लावून पाहिला नाही. कुत्रं पुढच्याच आठवड्यात गेलं. माणसं बघायला आली, कारखान्यावरून येणारीसुद्धा गाडी थांबवून आली. "आसं कुत्रं हुणं न्हाय," प्रत्येक जण म्हणत होता, आणि दादा खाटेवर पडून ऐकत होता. त्याचा चेहरा मी तुम्हाला सांगणार नाही.

काल गेले होते तर दारात नवं पिल्लू. वहिनी पाटावर बसलेली, मूठ बंद. मी तिला म्हणाले, "आता तरी नको गं हे." तिनं मान वर केली नाही. "वन्सं, दोन महिन्यात दोनदा मोटारीची केबल कापून न्हेली. हे आसं पडल्यालं, म्या एकटी बाई. तुमच्यासारखं शिकिवलं तर ते चोराला बी पाय दील." तिला मी काय देऊ शकत होते, शेकहँड करणारं कुत्रं? पिल्लू माझ्या पायाशी आलं तेव्हा पर्समधलं बिस्कीट मी बाहेर काढलंच नाही. काठी भिंतीला टेकवलेली होती.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि वस्तीवर मोठ्यानं वाचायची सोय नाही. तेव्हा एवढं कबूल करून थांबते. कुत्र्याचा जीव वाचावा म्हणून मी त्या दिवशी हात धरला, असं मी सगळ्यांना सांगितलंय, पण तेवढंच खरं नाही. काल संध्याकाळी घरी आले तर आमच्या सोसायटीचा वॉचमन माझ्या लॅब्राडोरला हातानं चपाती भरवत होता, आणि तो मजेत खात होता, मीच शिकवल्याप्रमाणे. मला कुत्र्याचा इतका राग आला की त्याला वर न नेता मी एकटीच जिना चढून आले.