सुती साड्या वाफ्यासाठी

मी, जयमाला श्यामसुंदर परुळेकर, वय एकाहत्तर, निवृत्त विज्ञान शिक्षिका, राहणार कोपरखैरणे, नवी मुंबई, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. पुढच्या महिन्यात माझं हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर फारच गोड बोलायला लागले, तेव्हा मी कागद पुढे ओढला.

१. राहत्या बैठ्या घरातला माझा निम्मा हिस्सा माझे पती श्यामसुंदर यांना, त्यांच्या पश्चात आमची मुलगी प्राची हिला. मागच्या मोकळ्या जागेत लादी बसवायची नाही. प्राची, हे तुला सांगतेय. चिखल होतो, माहीत आहे. पाय धुवायचे.

२. बँकेतली ठेव आणि दागिने प्राचीला. यात वाद नाही, म्हणून पुढे जाते.

३. मागचे दोन वाफे. आमचे हे तळोज्याला केमिकल कंपनीत होते. तिथे फरशीवर थेंब सांडला तरी आरडाओरडा. ती सवय घरी आली. रोज सकाळी खराटा घेऊन स्वतःचा वाफा असा झाडायचे की औषधाला पान सापडायचं नाही. माझ्या वाफ्यावर मात्र रस्त्यावरच्या बदामाचा पाला, सुकं गवत, नारळाच्या शेंड्या. "जया, कचरापेटी केलीस," म्हणायचे. अहो, कचरा कसला, पांघरूण आहे ते! उघडी माती तापते, सुकते, तिच्यातले जिवाणू उपाशी राहतात. झाकलेल्या मातीत ओल टिकते, बुरशी आणि जिवाणू पाला कुजवतात, मुळांना अन्न मिळतं. मार्चअखेर ह्यांच्या वाफ्याला भेगा आणि वांगी सुपारीएवढी. माझी मे महिन्यातही मसाला भरण्याजोगी. "नशीब तुझं," म्हणे. नशीब कसलं डोंबलाचं!

माझा वाफा ह्यांना देते. अट एकच, त्यावर खराटा फिरवायचा नाही. पाला खोडापासून चार बोटं लांब ठेवा. पावसाळ्यात थर पातळ करा, नाहीतर गोगलगायी रोपं फस्त करतील. मातीत कालवू नका, कुजताना रोपांचंच नत्र ओढून घेतो. वरच राहू दे.

खरं सांगू? मला वांग्यांची काळजी नाही. मी गेल्यावर हे घर झाडतील, भांडी पुसतील, आणि मग दिवसभर काय करतील, या विचाराने माझा जीव तुटतो. वाफा असला तर बाहेर तरी येतील.

४. शेजारच्या वैजयंती म्हात्रे यांनी मी गोळा केलेला पाला दोनदा पेटवून दिला. त्यांना माझं खुरपं आणि घमेलं. जाळणं सोडलं तर वांगीसुद्धा.

५. माझ्या सुती साड्या. प्राची, तुझ्या मनात गोधडी येईल. नको. कपाटात ठेवून रडतही बसू नका. आधी फॉल उसवा, तो पॉलिस्टरचा असतो, जिवाणू त्याला तोंड लावत नाहीत. मग साड्या दुहेरी करून ह्यांच्या उघड्या वाफ्यावर अंथरा, वर पाला घाला. हळूहळू त्यांची माती होईल. इतकी वर्षं त्या वाफ्याला मला हात लावू दिला नाही. आता बघतेच कसे अडवतात.

६. वरचं कलम ह्यांना वाचून दाखवलं. बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "सगळ्या?"

"सगळ्या."

"ती निळी तरी राहू दे ना, जया. मला लागेल."

जन्मभर विज्ञान शिकवलं मी. जिवाणूंना निळं काय आणि पिवळं काय! पण माझ्याच्याने नाही म्हणवेना. म्हणून दुरुस्ती: निळी साडी हयातभर श्यामसुंदर यांच्याकडे राहील. त्यांच्या पश्चात प्राचीने फॉल उसवून ती त्याच वाफ्यावर अंथरावी आणि वांगी लावावीत.

हे सर्व वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही करत आहे. हे लिहीत असतानाच मागून खराट्याचा आवाज आला. म्हटलं, फिरवलाच खराटा! खिडकीतून पाहिलं, तर हे रस्त्यावरचा बदामाचा पाला लोटत लोटत माझ्या वाफ्याकडे आणत होते.

सही: जयमाला श्यामसुंदर परुळेकर

साक्षीदार:
डॉ. गीतांजली सामंत
आशुतोष भोईर

स्थळ: कोपरखैरणे
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५