पाणी कुणी ओतलं

आप्पा, वडिलांना लिहिताना आधी शिरसाष्टांग नमस्कार लिहायचा असतो, पण माझा हात वळत नाही. तुम्ही जाऊन इतके दसरे उलटले, माझे केस पांढरे व्हायला लागले, तरी तुमची आठवण आली की पहिल्यांदा रागच येतो. भवानी पेठेत लोक मला अजून सर्व्हिस मोटारवाल्यांची लेक म्हणूनच ओळखतात. माझ्या पिठाच्या गिरणीत दळण घेऊन आलेल्या बायका म्हणतात, तुमचे वडील म्हणजे देवमाणूस हो. मी पीठ सारखं करत मान हलवते आणि मनातल्या मनात दातओठ खाते. देवमाणूस! तुमचं देवपण मी परसातून पाहिलं आहे.

त्या खंडेनवमीला मी परसातच होते, कारण पुढं यायची मला सोय नव्हती. नवरा गेल्यावर तुम्ही मला माहेरी आणलंत, दोन वेळचं घातलंत, हे मी नाकारत नाही. पण पूजेच्या वेळी विधवा लेक समोर नको, हा निरोप आईच्या तोंडून तुम्हीच पाठवला होता. पुढं ओट्यावर पाट मांडलेला, त्यावर आपली मोटार दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींचे पाने, हातोडी, पकड ओळीनं ठेवलेली. हत्यारं तुमच्या हवाली करून मिस्त्री घरी गेलेले. सर्व्हिसची मोटार उतारू घेऊन अक्कलकोटची फेरी करून नुकतीच आलेली आणि भटजींची घाई चाललेली. तुम्ही मोटार परसात घेतलीत, बॉनेट उघडलंत, हौदातून बादली भरलीत. इंजिनाच्या कुशीला बोल्टांनी आवळलेला बिडाचा जाड नळा, ज्यातून जळका धूर बाहेर जातो, तो फेरी करून आल्यावर इतका तापलेला असायचा की त्यावर भाकरी शेकली असती. तो गार होईपर्यंत पाण्याचा थेंब लावायचा नाही, हे मिस्त्री तुम्हाला कितीदा सांगत. आणि तुम्ही अख्खी बादली त्यावर ओतलीत. देवापुढं मोटार लखलखीत हवी ना! चर्र झालं, वाफ उठली, आतून टण्ण आवाज आला. तुम्ही वळून पाहिलंत. मी स्वयंपाकघराच्या परसदारात उभी. "बघतीस काय? जा आत," एवढंच म्हणालात, आणि त्याच ओल्या हातानं पूजेला बसलात.

दुसऱ्या दिवशी दसरा. झेंडूच्या माळा घातलेली मोटार सुरू केलीत तर फटफट करून आळी डोक्यावर घ्यायला लागली, आणि पायाखालच्या फळ्यांतून धूर वर यायला लागला. उतारू खोकत खाली उतरले. मिस्त्रींनी पाटावरची हत्यारं उचलून नळा सोडवला, त्याच्या तोंडावर पोलादी पट्टी आडवी धरली. पट्टीखालून उजेड दिसत होता. नळा वाकला होता. सांध्यातून धूर गळू नये म्हणून नवं वायसर घालून तो त्यांनीच नुकता बसवलेला, आणि बोल्ट कमीजास्त आवळले तरी नळा वाकतो हे पेठेतल्या सगळ्या मोटारवाल्यांना ठाऊक. मिस्त्रींवर आळ घ्यायला तुम्हाला तेवढं पुरलं.

"कसला आवळलास रं? एका अंगालाच ताण दिलास की! वाकला नळा."

"नै मालिक, बराबर आवळ्या था मय. गरम नले पो पानी तो नै डाले कोई?"

"कोन वततंय पानी? आमी काय येडे हाय व्हय?"

मी दारातून "आप्पा" म्हणाले. तेवढंच म्हणू दिलंत. "बाईमाणसानं मोटारीत तोंड घालू न्हाय. आत हो!" चारचौघांसमोर. मिस्त्रींनी माझ्याकडं पाहिलं, मग हत्यारं गोणपाटात गुंडाळली. जाताना त्यांनी आपट्याचं पान तुमच्यापुढं धरलं. दसऱ्याला माणूस वैऱ्याचंही सोनं घेतो हो, आप्पा! तुम्ही हात मागं घेतलात. पेठेनं ते पाहिलं, आणि त्यानंतर एकाही मोटारवाल्यानं मिस्त्रींना इंजिनाला हात लावू दिला नाही.

मुंबईहून नवा नळा आला तेव्हा बसवायला दुसरा मिस्त्री बोलावलात का? नाही. त्यानं जुना नळा पाहून खरं कारण सांगितलं असतं तर? म्हणून भर दुपारी परसाचं दार लावून तुम्ही मला हाक मारलीत. मागच्या बोल्टापर्यंत तुमचा हात पोचत नव्हता, माझा बारीक हात पोचत होता. बाईमाणसाचं तोंड नको, हात चालतो! इतके दिवस उघडे पडून गंजलेल्या बोल्टांवर घासलेट सोडून ते मीच फिरवले, बोटं सोलवटली. "आदी मधला आवळ, मंग कडंचे, जराजराच," तुम्ही सांगत होता, आणि ती सगळी शिकवण मिस्त्रींची होती. मोटार गुमान चालायला लागली तेव्हा मी म्हणाले, आप्पा, आता तरी मिस्त्रींना बोलवा, पाणी तुम्हीच ओतलंत एवढं सांगा. तुम्ही छोटा पाना माझ्या हातात ठेवलात. "ऱ्हाऊ दे तुला." म्हणजे गप्प बस. त्याच पान्यानं मी आज गिरणीचं इंजिन सोडते आणि आवळते, आणि दर वेळी तुमच्या नावानं चडफडते. एक वाक्य होतं हो. मरेपर्यंत तुमच्या तोंडून ते निघालं नाही.

यंदाच्या दसऱ्याला मी आपट्याची पानं घेऊन मिस्त्रींकडं गेले. स्टेशनकडं जाताना एका भिंतीच्या कडेला ते सायकलींचे पंक्चर काढत बसतात. तुमच्या मोटारीचं इंजिन डोळे झाकून जोडणारा माणूस! तुमचं नाव सांगायचंच, असं रस्ताभर घोकत गेले होते. त्यांनी पान घेतलं, कपाळाला लावलं, "कैसी है बेटी," म्हणाले. आणि माझ्या तोंडून निघालं, "चाचा, त्या नळ्यावर पाणी मी ओतलं होतं."

ट्यूबवरून हात फिरवत ते म्हणाले, "हौ. तबीच तू दरवाजे में बोलने कू आयी थी. मय इत्ते साल तेरे बाप पो गुस्सा करा. बिचारा बेटी कू झाक लिया."

बघा आप्पा. त्यांचं इंजिन गेलं, नाव गेलं, आणि वर मी तुम्हाला त्यांच्याही नजरेत देवमाणूस करून आले. घरी आल्यापासून तुमच्याइतकाच माझाही राग येतोय. तुम्हाला शोभेल अशीच लेक निघाले. उद्या पुन्हा जाईन, खरं सांगेन, असं रोज ठरवते. अजून गेलेले नाही. कारण बापानं बेटीला झाकलं असं ते म्हणाले ना, ते ऐकून मला फार बरं वाटलं होतं.