आमिषाला तोंड न लावणाऱ्या

३ मार्च
चि. खारूताईस अनेक आशीर्वाद.

स्तनाचा कर्करोग आठ वर्षांनी उलटला, या खेपेला मणक्यात. तुझ्या आईने कळवलं असेलच. पण दुखण्यापेक्षा मला माणसांची शिसारी आलीय. थोरल्या जाऊबाई टेकायच्या आधीच म्हणाल्या, गोळ्या चुकवल्या असशील. रोज पाण्याचा पेला घेऊन उभे राहणारे तुझे काकाही आता संशयाने बघतात.

एकही चुकवली नाही गं. घामाने गाद्या भिजल्या, हाडं ठणकली, तरी गिळली. आता डॉक्टर नवी गोळी देतो म्हणतात. मी नाही म्हणून सांगितलंय. पुन्हा गिळायचं आणि पुन्हा आपलीच चूक ऐकायची? तू याच पेशींच्या प्रयोगशाळेत आहेस. खरं सांग, माझं चुकलं का?

तुझी वैतागलेली,
मावशी

१० मार्च
ती. मावशीस सा. न. वि. वि.

तुझं काहीही चुकलं नाही. तुझ्या खानावळीत झुरळांना विषाचं आमिष ठेवायचीस, आठव. खाणारी मेली, फटीत न खाता पडून राहिलेली वाचली. तुझी गाठ हार्मोनवर पोसलेली, गोळीने तेच खाद्य तोडलं. पण मोजक्या पेशी मूळपेशींसारख्या असतात. त्या हार्मोन मागतच नाहीत, वर्षानुवर्षं निपचित पडून राहतात आणि मग उठून गाठ उभी करतात. तुझ्या अंगात हेच झालं असं पैजेवर नाही सांगता येत, पण गोळ्या न चुकवताही रोग उलटतो, हे नक्की.

किळस मला माझीच येते. तसल्याच पेशी मी काचेच्या बशीत जगवते, ताजं गुलाबी खाद्य घालते, ऊब देते. काल औषध पचवूनही त्या जगल्या, तर सर खुशीत म्हणाले, किती सुंदर! मी तशीच उठले. राजीनामा लिहून ठेवलाय.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
खारू

१७ मार्च
चि. खारूताईस आशीर्वाद आणि एक धपाटा.

पत्र काकांनी जाऊबाईंसमोर मोठ्याने वाचलं. त्यावर म्हणाल्या, मग मन खंबीर ठेवलं नसशील. असल्या माणसांना औषध नाही. काकांनी मात्र गुपचूप पेला विसळून माझ्या उशाशी ठेवला. उद्यापासून नवी गोळी घेतेय.

तू राजीनामा फाड. फटीतली झुरळं बघून मला ओकारी यायची, तरी बॅटरी मारून बघायचेच, कुठे दडतात, कशावर जगतात.

मणक्यातला तुकडा तपासायला काढला, तेव्हा उरलेला संशोधनाला देऊ का, असं डॉक्टरांनी विचारलं. मी सही केली. तुझ्या टेबलावर येईलच असं नाही. आला, तर ओळख दाखवू नकोस. त्या पेशींना पोटभर खाऊ घाल, कशावर जगतात ते शोध आणि मग पुढ्यातलं ताट ओढून घे.

लोभ माझ्यावर ठेव, त्यांच्यावर नको.

तुझी,
मावशी