एका माणसाचं वजन

४ मार्च

चि. खटपट्यास, अ. उ. आ.

तुझा नकाशा आणि तक्ते मिळाले. बत्तीस वर्षं बांधकाम खात्यात मी लोकांची अंदाजपत्रकं तपासली, पण जुन्या ट्रकवर भटकंतीत राहायची खोली चढवायला फ्लॅटची किंमत पडते हे निवृत्तीनंतर कळलं. चारही चाकं ओढणारा ट्रक हवा, समजलं. भिंती फायबरच्या, आत फोम भरलेल्या, तेही समजलं. खोली ट्रकवर तीनच ठिकाणी टेकवायची, म्हणजे खड्ड्यात ट्रक पिळवटला तरी खोली पिळवटत नाही. ही युक्ती मला आवडली. तुझं काही मला आवडणं किती दुर्मिळ, ते तुला ठाऊक आहे.

पण वजनाचा तक्ता पाहून डोकं फिरलं. पाणी दीडशे किलो, बॅटऱ्या, डिझेल, दोन सुटी चाकं, पुस्तकंसुद्धा अकरा किलो. आणि माणूस एक, अठ्ठ्याहत्तर किलो. पलंग पाऊण मीटर रुंद. तुझी बायको काय गाडीमागून धावत येणार आहे? शाळेत आमच्या सिस्टर उत्तर बरोबर आलं तरी रीत चुकली की शून्य द्यायच्या. तुझं तर उत्तरही चुकलंय.

उलट टपाली खुलासा हवा.

रागावलेली, तरी तुझीच,
ताई

११ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तू रागावलीस म्हणजे तब्येत ठणठणीत आहे. तक्ता बरोबर आहे. ऑक्टोबरात हिला विचारलं होतं. ही म्हणाली, तुम्ही जा, मी घर बघते. मी तसं मांडलं. दुसरा माणूस म्हणजे नुसता माणूस नसतो, ताई. त्याचं पाणी, कपडे, शिधा धरून अडीचशे किलो वाढतात. पलंगासाठी खोली पासष्ट सेंटिमीटर लांबवावी लागते, मागच्या स्प्रिंगांचे पाटे जाड घालावे लागतात, खर्च पाचव्या हिश्शाने चढतो. भिंती मापाने कापून येतात. कारखान्याला पंचवीस तारखेपर्यंत लांबी कळवायची, नंतर बदल नाही.

निवृत्त झाल्यापासून मला घरात बसवत नाही. चहासुद्धा उभ्यानेच घेतो. गॅरेजच्या फरशीवर खडूने ही खोली आखली आहे, तिच्यातच येरझारा घालतो. एकदा निघालो की हे थांबेल, असं वाटतं.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
खटपट्या

१५ मार्च

चि. सौ. वहिनीस, अ. उ. आ.

सरळ विचारते, सरळ सांग. त्याच्याबरोबर जायला तू खरंच नाही म्हणालीस? म्हणाली असशील तर मी तोंड मिटते, जे मला जमत नाही. मनात जायचं असेल तर पंचवीस तारखेच्या आत बोल. न सांगितलेलं माझ्या भावाला कळत नाही. लहानपणी त्याला भूक लागलीय, हेसुद्धा आईच त्याला सांगायची.

नसत्या उठाठेवी करणारी,
ताई

२० मार्च

ती. वन्संना, सा. न. वि. वि.

नाही म्हणाले, हे खरं. पण वाढताना पाहुणा आधी नकोच म्हणतो, म्हणून आपण हात आखडतो का? मला वाटलं, हे पुन्हा विचारतील. पाच महिने वाट पाहिली. यांनी आकडा मांडला आणि खाली रेघ मारली. तेहतीस वर्षांत यांनी मला कुठलीच गोष्ट दुसऱ्यांदा विचारलेली नाही.

परवा हे बाहेर गेले होते. गॅरेजात केर काढायला गेले आणि त्या खडूच्या पलंगावर आडवी झाले. कूस बदलली तर निम्मी रेघेबाहेर. उठले, पदर झटकला, यांच्या वहीत आकडा बघितला आणि तडक कारखान्यात फोन केला की लांबी पासष्ट सेंटिमीटर वाढवा. त्यांनी लेखी मागितलं, तेही यांच्या ईमेलवरून पाठवलं. यांना अजून पत्ता नाही. हे गॅरेजात येरझारा घालतात, मी स्वयंपाकघरात. आज जेवणं झाली की सांगणार आहे.

आशीर्वाद जरा जास्तच द्या.

तुमची,
वहिनी

२६ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

हिने सांगितलं. दोन दिवस मी गॅरेजातच जेवलो. पाच महिन्यांचं गणित विस्कटलं, खर्च वाढला, निघणं पुढच्या वर्षावर गेलं. तिसऱ्या दिवशी म्हटलं, ऑर्डर पूर्वीसारखी करतो. ही म्हणाली, करा, मग मी बसने तुमच्याआधी निघते. चेहऱ्यावरून ही थट्टा वाटेना. पंचवीस तारीख तशीच जाऊ दिली.

नवा तक्ता मांडायला घेतला आहे. काल हिला वजन विचारलं. चौपन्न म्हणाली. लिहिलं, पेन खाली ठेवलं. मग दुसऱ्यांदा विचारलं. ही म्हणाली, त्रेसष्ट.

तुझ्या शिव्या चालू राहाव्यात.

तुझा,
खटपट्या